निळ्या उजेडातल्या रीफ टाकीचे फोटो : प्रवाळांचा खरा रंग कसा पकडायचा

संध्याकाळी रीफ टाकीवरचे, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावरचे, पांढरे एलईडी मंदावतात, निळे-जांभळे तेवढे उरतात आणि प्रवाळ दिवसभरातले सर्वांत देखणे दिसू लागतात. फोटो मात्र नेमका तेव्हाच सर्वांत वाईट येतो. सगळ्या चित्रावर निळा लेप, हिरव्या झोअँथिड प्रवाळांच्या जागी तपशील नसलेले चकाकते ठिपके आणि केशरी रंगाचा पत्ता नाही. संगणकावर स्लायडर कितीही ओढला तरी तो केशरी परत येत नाही, कारण तो फाइलमध्ये उतरलेलाच नसतो. म्हणून इथे सांगितलेल्या पद्धतीचा सगळा भर एका गोष्टीवर आहे : रंगाची दुरुस्ती जास्तीत जास्त दिव्यापाशी आणि लेन्सपाशी करायची, संगणकावर फक्त शेवटचा हात फिरवायचा.

आकडे नेमके देता यावेत म्हणून एक ठरावीक टाकी धरली आहे : ९० × ४५ × ४५ सेंमी, १० मिमी जाडीची काच, निळा आणि पांढरा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा एलईडी दिवा, आत झोअँथिड, मशरूम आणि लेदर यांसारखे मऊ प्रवाळ. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावरून हौसेपोटी तुकडासुद्धा उचलायचा नसतो. दुबईत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरासारखे कठीण प्रवाळ असतील, त्यांनाही पद्धत हीच लागू पडते.

निळा लेप येतो कुठून

रीफ दिव्यातला रॉयल ब्लू एलईडी साधारण ४४० ते ४६० नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात प्रकाश देतो आणि जांभळा ४०० ते ४३० च्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांखालचे पिक्सेल असतात. अशा उजेडात निळे पिक्सेल काठोकाठ भरतात, हिरव्यांना थोडेसे मिळते आणि लाल जवळजवळ उपाशी राहतात. डोळ्याचे तसे होत नाही. टाकीसमोर काही मिनिटे बसले की मेंदू त्या निळ्याला सरावतो, तो हिशेबातून वजा करतो आणि उरलेले रंग दाखवतो.

कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स हेच काम करण्यासाठी असतो, पण इथे त्याची मर्यादा आड येते. दिव्याच्या खोक्यावर ‘२०,००० केल्विन’ छापलेले असते आणि बहुतेक कॅमेरे १०,००० केल्विनच्या आसपास थांबतात, त्यामुळे आकडा आणखी वाढवता आला असता तर जमले असते असे वाटते. तसे नाही. केल्विन हे माप तापून प्रकाशणाऱ्या वस्तूच्या रंगावरून आले आहे, आणि त्या वस्तूचे तापमान अनंतापर्यंत नेले तरी तिचा उजेड फिकट निळाच राहतो. ४५० नॅनोमीटरच्या एलईडीइतका गडद निळा तो कधीच होत नाही. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ५०,००० पर्यंत जातो, तरी निव्वळ निळ्या दिव्याखालचा फोटो तिथेही निळाच राहतो, याचे कारण हे.

दुसरी अडचण प्रवाळांच्या स्वतःच्या रंगाची. त्यांच्यातली काही प्रथिने निळा उजेड शोषून दुसऱ्याच रंगाचा उजेड बाहेर टाकतात. हिरवी चमक साधारण ५०० ते ५२० नॅनोमीटरची, तर केशरी-लाल ५८० च्या आसपासची असते. (जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे डीएसरेड हे लाल प्रथिन डिस्कोसोमा या मशरूम प्रवाळातूनच मिळाले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते ५८३ नॅनोमीटरला चमकते.) काही प्रथिने मात्र चमकत नाहीत, नुसती उजेड परावर्तित करतात. जांभळ्या-निळ्या प्रवाळांचे रंग पुष्कळदा असे असतात आणि ते उमटायला पांढरा उजेडच लागतो. एकाच चौकटीत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बसलेले असतात. रंग जुळवणे अवघड जाते ते त्यामुळे.

‘खरा रंग’ म्हणजे कोणता, ते आधी ठरवा

तीन पर्याय आहेत आणि तिन्ही खरे आहेत. पहिला, निळ्या उजेडाला सरावलेल्या डोळ्याला दिसतो तसा, म्हणजे चमक शाबूत, पार्श्वभूमीला थोडी निळी झाक. दुसरा, दिवसाच्या पांढऱ्या उजेडात दिसेल तसा. मासे ओळखायला, प्रवाळाची तब्येत नोंदवायला आणि विकायला हाच लागतो. तिसरा, फक्त चमकीचा फोटो, ज्यात खडक आणि वाळू काळी आणि प्रवाळ तेवढे पेटलेले.

कॅमेरा उचलण्यापूर्वी यातला एक निवडा. दिव्याची पातळी, फिल्टर, व्हाइट बॅलन्स हे सगळे त्या निवडीवर ठरते. पहिल्या आणि तिसऱ्याची सरमिसळ झाली की बाजारात दिसणारे ते अशक्य भडक फोटो तयार होतात आणि विकत घेणाऱ्याच्या टाकीत तेच प्रवाळ तपकिरी निघते.

टाकीची तयारी

पाण्यात हळूहळू पिवळसर झाक साठते आणि ती निळा-जांभळा उजेड खाते. फोटोच्या दोन-तीन दिवस आधी सक्रिय कोळसा बदला. आदल्या दिवशी आतली काच घासा. चुंबकाच्या घासणीत वाळूचा एक कण अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा उठतो, म्हणून वाळूच्या थराच्या दोन बोटे वरच थांबा. गुलाबी कोरलाइन शेवाळाचे डाग पोलादी पात्याने निघतात, पण अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला फक्त प्लास्टिकचे पाते लावा. बाहेरून ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे टाकीजवळ नको.

घासल्यावर उडालेला गाळ बसायला किंवा फिल्टरच्या कापसात अडकायला निदान दोन तास द्या. त्या दिवशी खाऊ फोटो झाल्यावरच घाला. तरंगणारा प्रत्येक कण निळ्या उजेडात पांढऱ्या ठिपक्यासारखा चमकतो आणि ते ठिपके एकेक पुसत बसणे हे मनस्तापाचे काम आहे.

प्रवाळ हलवून मांडायचे असतील तर हातमोजे घाला. झोअँथिड आणि त्यांच्या जातभाईंत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते. हाताला जखम असताना त्यांना हात लावू नका आणि डोळेही चोळू नका.

प्रत्यक्ष फोटो काढताना आधी वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारे पंप) बंद करा. पाण्याचा पृष्ठभागही शांत हवा असेल, विशेषतः वरून फोटो घ्यायचा असेल, तर संपमधून (टाकीखालच्या फिल्टरच्या पेटीतून) पाणी वर आणणारा रिटर्न पंपही बंद करा, पण त्याआधी फेसाने घाण काढणारा प्रोटीन स्किमर आणि पाणी भरून काढणारे ऑटो टॉप-ऑफ बंद करा. रिटर्न थांबला की टाकीतले पाणी उतरून संपमधली पातळी चढते आणि चालू राहिलेला स्किमर फेसाळून बाहेर वाहतो. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावूनच पंपाला हात लावा. फोटोंच्या नादात पंप तासभर बंद राहिले तर पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि त्याची किंमत मासे चुकवतात.

दिवा : सर्वांत मोठा फरक इथे पडतो

दुसऱ्या प्रकारचा, दिवसाच्या रंगाचा फोटो हवा असेल तर दिव्यात फोटोपुरती एक वेगळी पातळी जतन करा. रोज निळा ९० टक्के आणि पांढरा १५ टक्के असेल तर फोटोसाठी निळा ३५ आणि पांढरा ६० पासून सुरुवात करा. एकूण तीव्रता रोजच्याहून वाढू देऊ नका. अ‍ॅपवर चालणाऱ्या दिव्यात हिरवे आणि लाल एलईडी असतील तर ते १० ते १५ टक्क्यांवर ठेवा. त्याहून जास्त लाल केला की खडकावर गुलाबी डाग पडतात, कारण लाल एलईडी संख्येने थोडे असतात आणि त्यांचा उजेड नीट मिसळत नाही. दोनच बटणांच्या स्वस्त दिव्यातही पांढरे बटण पुढे आणि निळे मागे, एवढे केले तरी निम्मे काम होते. पंधरा-वीस मिनिटांच्या बदलाने प्रवाळांना काही होत नाही.

पहिल्या प्रकारच्या फोटोसाठी निळा रोजच्यासारखाच ठेवा, पण पांढरा किमान २० ते २५ टक्के तरी असू द्या. चमक फारशी कमी होत नाही आणि लाल पिक्सेलना काहीतरी खायला मिळते. तिसऱ्या प्रकारासाठी पांढरा पूर्ण बंद.

खोलीतले दिवे आणि टीव्ही बंद करा, पडदे ओढा, गडद रंगाचे कपडे घाला. काचेत दिसणारा पांढरा शर्ट ही फार नेहमीची चूक आहे.

फिल्टर

निळ्या उजेडातच फोटो काढायचा असेल तर लेन्सवरच्या पिवळ्या-केशरी फिल्टरला पर्याय नाही. तो जादा निळा सेन्सरपर्यंत पोचण्याआधी अडवतो, त्यामुळे एक्स्पोजर वाढवता येते आणि लाल-हिरव्या पिक्सेलना आपला वाटा मिळतो. संगणकावर निळा कमी केल्याने हे साधत नाही. तिथे निळा कमी होतो, पण लाल मुळातच रिकामा असल्याने त्याच्या जागी नुसती रवाळ खरखर वर येते.

किती गडद फिल्टर लागेल याचा अंदाज मायरेड या एककाने बांधता येतो. दहा लाखांना केल्विनने भागले की मायरेड मिळतो. १०,००० केल्विनचे १०० मायरेड, २०,००० चे ५०. नाटक-सिनेमाच्या प्रकाशयोजनेत वापरल्या जाणाऱ्या ली कंपनीच्या जेलपैकी (जेल म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा) २०४ क्रमांकाची (फुल सीटी ऑरेंज) १५९ मायरेडची भर घालते, २०५ क्रमांकाची (हाफ) १०९ ची आणि २०६ क्रमांकाची (क्वार्टर) ६४ ची. म्हणजे २०,००० केल्विनच्या आसपासच्या उजेडावर २०४ लावली तर ५० + १५९ = २०९ मायरेड, म्हणजे सुमारे ४,८०० केल्विन. हा आकडा कॅमेऱ्याला सहज पेलतो. काचेचा फिल्टर हवा असेल तर रॅटन ८५ हा ११२ मायरेडचा, म्हणजे जवळजवळ ली २०५ इतका. निळ्या एलईडीला केल्विन नीट लागू होत नाही हे वर आलेच आहे, त्यामुळे हा हिशेब पहिली जेल निवडण्यापुरताच वापरा.

अंतिम निवड हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेडाचे वाटप दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखावर, करा. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का करा, पुढे सांगितलेला पांढरा तुकडा टाकीत ठेवून त्याचा फोटो काढा आणि लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख पाहा. फिल्टर नसताना निळ्याचे शिखर उजव्या भिंतीला टेकलेले आणि लालचे डावीकडे पडलेले दिसेल. ज्या फिल्टरने ही तीन शिखरे सर्वांत जवळ येतात तो तुमच्या दिव्याचा फिल्टर. पांढरा उजेड २०-२५ टक्के असेल तर बहुधा हाफ किंवा फुल पुरते. निळे शिखर अजून फार पुढे असेल तर फुलवर क्वार्टर चढवा. लाल पुढे गेला तर जेल जास्त झाली, तेव्हा एक पायरी खाली या.

तिसऱ्या प्रकारासाठी मात्र गडद पिवळा फिल्टर, रॅटन १५ सारखा, हवा. तो साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा उजेड जवळजवळ पूर्ण अडवतो आणि फक्त चमक आत येऊ देतो. तो बरोबर चालतोय का याची चाचणी सोपी आहे : टाकीतला पांढरा तुकडा फोटोत काळा दिसला पाहिजे. तो काळा न दिसता उजळ दिसत असेल तर कुठून तरी पांढरा उजेड शिरतोय. या प्रकारात व्हाइट बॅलन्स ५,५०० केल्विनवर पक्का ठेवा.

जेल कापताना लेन्सच्या व्यासापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठा गोल कापा, कडांना धरा आणि साध्या पारदर्शक फिल्टरच्या चौकटीत सपाट बसवा. सुरकुती किंवा बोटाचा ठसा राहिला की मॅक्रोमध्ये चित्र मऊ पडते, आणि दोष लेन्सचा आहे असे वाटत राहते. जेल उजेडाने आणि उष्णतेने फिकी होते, म्हणून ती काळ्या पाकिटात ठेवा.

पांढऱ्याचा संदर्भ : कागद नको, टेफ्लॉन टेप

पांढरा कागद किंवा कापड व्हाइट बॅलन्ससाठी वापरू नका. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेले द्रव्य जांभळा आणि अतिनील उजेड शोषून स्वतः निळे चमकते. रीफ दिव्याखाली ही चमक इतकी वाढते की कॅमेरा जादा निळा धरून चालतो आणि फोटो पिवळा पडतो.

नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप यासाठी उत्तम. ती सर्व रंग जवळजवळ सारखेच परावर्तित करते, खाऱ्या पाण्यात बिघडत नाही आणि हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. चार-पाच सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या चकतीवर आठ-दहा घड्या घट्ट गुंडाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि अ‍ॅक्रिलिकच्या काडीला बांधा. ज्या प्रवाळाचा फोटो घ्यायचा त्याच्या शेजारी, त्याच खोलीवर, दिवा आणि लेन्स यांच्या मधोमध पाहील अशी ४५ अंशात तिरकी धरा. वेगवेगळ्या रंगांचे एलईडी वेगवेगळ्या जागी बसवलेले असल्याने टाकीच्या दोन टोकांना उजेडाचा रंग वेगळा असतो, त्यामुळे जागा बदलली की संदर्भाचा फोटो नव्याने घ्या. साध्या काचेची हिरवट झाकही याच फोटोत धरली जाते, तिच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

संदर्भाच्या फोटोत टेप जळालेली, म्हणजे पूर्ण पांढरी फटक नको. हिस्टोग्रामच्या मध्यापासून थोडी उजवीकडे आली की पुरे. जळालेल्या टेपवरून घेतलेला व्हाइट बॅलन्स चुकीचाच येतो.

कॅमेऱ्याची मांडणी

फॉरमॅट रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल. जेपीईजीमध्ये या उजेडाला वाव नाही. प्रवाळासाठी ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, पूर्ण टाकीसाठी ३५ ते ५० मिमी. कॅमेरा मॅन्युअलवर. पंप बंद आणि ट्रायपॉडवर कॅमेरा असेल तर एफ/८, १/६० सेकंद, आयएसओ ८०० पासून सुरू करा. फिल्टरमुळे निळ्या उजेडात साधारण दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा) जातात आणि ते भरून काढायला आयएसओ १६०० पर्यंत चढावे लागले तरी चालेल. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) पॉलिपच्या, म्हणजे प्रवाळातल्या एकेका जिवाच्या, कडा मऊ होतात. फोकसमध्ये येणारी खोली कमी पडत असेल तर फोकस सरकवून आठ-दहा फोटो घ्या आणि नंतर जोडा.

पिक्चर स्टाइल न्यूट्रल, सॅच्युरेशन आणि कॉन्ट्रास्ट किमान. रॉ फाइलवर याचा परिणाम होत नाही, पण कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम आतल्या जेपीईजीवरून बनतो आणि भडक स्टाइलमध्ये तो निळा जळाल्याची खोटी सूचना देतो. एक्स्पोजर नेहमी रंगांच्या वेगवेगळ्या आलेखांवरून ठरवा. एकच पांढरा आलेख इथे दगा देतो : तो बरोबर मध्यात दिसत असताना निळा कधीच जळून गेलेला असतो. हिरव्या चमकीच्या प्रवाळात हिरवाही जळतो, म्हणून अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा.

शटर यांत्रिक निवडा. पुष्कळ एलईडी मंद करताना अतिवेगाने चालू-बंद होत असतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये त्यामुळे चित्रावर आडवे पट्टे उमटतात. तरीही पट्टे दिसले तर शटर १/६० किंवा त्याहून हळू करा, नाहीतर पट्टे आणणारा एलईडीचा रंग तेवढ्यापुरता १०० टक्क्यांवर नेऊन उजेड फिल्टरने किंवा एक्स्पोजरने कमी करा.

फिल्टर चढवल्यावरच फोकस करा. निळ्यासाठी आणि हिरव्या-लालसाठी फोकसची जागा किंचित वेगळी असते. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठे करून पॉलिपच्या तोंडावर हाताने फोकस लावा.

लेन्स काचेला काटकोनात हवी, यात तडजोड नाही. दहा-पंधरा अंशांचा तिरपेपणा आला की जाड काच आणि पाणी मिळून प्रत्येक कडेला निळी-केशरी किनार लावतात आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. वेगळा कोन हवा असेल तर कॅमेरा फिरवू नका, उजवीकडे-डावीकडे किंवा वर-खाली सरकवा. रबरी लेन्स हूड काचेला टेकवला की कोनही आपोआप बरोबर येतो आणि प्रतिबिंबेही जातात.

मासे आणि न चमकणारे रंग : फ्लॅश

पोहणाऱ्या माशाला १/१६० ते १/२०० सेकंद लागतात आणि तेवढा उजेड फिल्टरमागे उरत नाही. माशाच्या अंगावर चमकही नगण्य, तेव्हा फिल्टर काढा आणि फ्लॅश वापरा. बॅटरीवरचा फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा, टाकीच्या वर पाण्यापासून साधारण ३० सेंमीवर, तोंड खाली करून स्टँडला पक्का बांधा. पट्टीने दुसरा आधारही द्या. फ्लॅश पाण्यात पडला तर फ्लॅशही जाईल आणि टाकीतल्या जिवांनाही धोका. एफ/११, आयएसओ २००, १/२०० सेकंद, फ्लॅशची ताकद एक-अष्टमांश ते एक-चतुर्थांश. या मांडणीत दिव्याचा निळा उजेड फोटोत जवळजवळ उमटतच नाही आणि रंग दिवसासारखा येतो. टेफ्लॉनचा संदर्भ इथेही घ्याच. अंधाऱ्या टाकीत अचानक फ्लॅश मारू नका, टाकीचा दिवा चालू असू द्या, म्हणजे मासे दचकून काचेवर आदळत नाहीत.

मोबाइलवर

मोबाइलचे तीन शत्रू : नाइट मोड, एचडीआर आणि दृश्य ओळखून रंग भडक करणारी आपोआप सुधारणा. तिन्ही बंद करा. प्रो मोड असेल तर रॉ चालू करा, व्हाइट बॅलन्स १०,००० वर नेऊन पक्का करा, आयएसओ ४०० च्या आत आणि शटर १/६० ठेवा. आयफोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये केल्विन बदलण्याची सोय नाही, तिथे लाइटरूम मोबाइलसारख्या अ‍ॅपमधला कॅमेरा वापरा. भिंगाला अडकवायचे पिवळे-केशरी क्लिप फिल्टर मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. जेलचा दोन सेंटिमीटरचा तुकडा भिंगावर सपाट चिकटवला तरी तेच काम होते. फक्त तो ज्या भिंगावर लावला तेच भिंग चालू आहे ना, हे बोट ठेवून तपासा. कमी उजेडात मोबाइल न सांगता दुसऱ्या भिंगावर उडी मारतो.

रॉ फाइलवर शेवटचा हात

निळ्या टाकीसमोरून उठून लगेच संगणकासमोर बसू नका. सरावलेल्या डोळ्याला पडदा पिवळा वाटतो आणि तुम्ही फोटो पुन्हा निळा करता. पंधरा मिनिटे साध्या उजेडात काढा. पडद्यावरचा नाइट लाइट बंद, ब्राइटनेस मध्यम.

प्रोफाइल न्यूट्रल निवडा आणि आयड्रॉपरने संदर्भाच्या फोटोतल्या टेफ्लॉनवर क्लिक करा. तोच व्हाइट बॅलन्स त्या जागच्या सगळ्या फोटोंना लावा. दिवसाच्या रंगाचा फोटो असेल तर इथेच थांबा. डोळ्याला दिसतो तसा हवा असेल तर तापमान थोडे मागे घ्या, इतके की टेफ्लॉन किंचित निळसर दिसेल, उदाहरणार्थ लाल २००, हिरवा २०५, निळा २३० च्या आसपास. व्हायब्रन्सला हात लावू नका. जांभळ्याकडे झुकलेला निळा त्रास देत असेल तर फक्त निळ्याचे सॅच्युरेशन १० ते २० ने कमी करा.

फिल्टरशिवाय काढलेल्या जुन्या फोटोंत ५०,००० वरही निळा उरत असेल तर दोन मार्ग आहेत. फाइल डीएनजी या रॉ फॉरमॅटात बदलून अ‍ॅडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये उघडा, कलर मॅट्रिसेसखालचा व्हाइट बॅलन्स कॅलिब्रेशनचा तापमान स्लायडर चित्र पिवळे होईल त्या बाजूला न्या, प्रोफाइल निर्यात करा आणि ती लाइटरूममध्ये लावा. तापमानाचा सगळा पल्लाच सरकतो. दुसरा मार्ग फुकटचा : डार्कटेबलमधले कलर कॅलिब्रेशन मोड्यूल केल्विनच्या रेषेबाहेरचा उजेडही धरते आणि त्यातले गॅमट कम्प्रेशन (आवाक्याबाहेरचे रंग आत ओढणारी सोय) वाढवले की निळ्या एलईडीचे सपाट, तपशील नसलेले डाग बरेच आवरतात. जळालेला निळा मात्र कोणत्याच मार्गाने परत येत नाही.

२४ रंगांच्या चौकोनांचे कलर चेकर कार्ड वापरून प्रोफाइल बनवायचा मोह होतो. पांढऱ्या उजेडाच्या किंवा फ्लॅशच्या फोटोंसाठी तो जरूर बनवा. निव्वळ निळ्याखाली लाल चौकोन काळाच दिसतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला जुळवायला काही मिळत नाही. शिवाय कार्डावरचे रंग परावर्तित असतात आणि प्रवाळाची चमक स्वतःची असते. कार्डावरून शिकलेली दुरुस्ती त्या चमकीला चुकीच्या रंगाकडे ओढते.

काम प्रोफोटो आरजीबी या मोठ्या रंगपल्ल्यात आणि १६ बिटमध्ये करा, पण आंतरजालावर टाकायची प्रत एसआरजीबी या लहान, सर्वत्र चालणाऱ्या पल्ल्यातच काढा. त्याआधी सॉफ्ट प्रूफिंग (निर्यातीनंतर रंग कसे दिसतील ते आधी दाखवणारी सोय) चालू करून पाहा. गडद निळा आणि चमकता हिरवा एसआरजीबीच्या बाहेर जातात आणि तसेच निर्यात केले तर पॉलिपचे तपशील सपाट होतात. बाहेर गेलेल्या त्या दोन रंगांचेच सॅच्युरेशन इशारा जाईपर्यंत कमी करा, बाकीचे रंग तसेच राहू द्या. फाइलच्या माहितीत दिव्याची टक्केवारी आणि फिल्टरचा क्रमांक लिहून ठेवा. प्रवाळाचा रंग महिन्याभराने उडाला की गडद झाला, हे तीच मांडणी पुन्हा लावून काढलेल्या फोटोशिवाय ताडून पाहता येत नाही.